पारसिकचा डोंगर आणि अरबी समुद्राचा तळ



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘आपल्या परिसराचा इतिहास’ या विभागासाठी लेख मागवले. या विभागात कल्याणचे प्राचीन बंदर, दुर्गाडी, शके ९८२ चे अंबरनाथचे शिवमंदिर, १८५३ मध्ये ठाण्याला आलेली पहिली आगगाडी हे विषय येणार हे उघड आहे, आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आपल्या बॅचमध्ये आहेत. मी जो इतिहास सांगणार आहे तो या सगळ्यांपेक्षा जुना आहे. अंबरनाथचे मंदिर ज्या काळ्या दगडात घडवले, मलंगगड ज्या कातळातून उभा राहिला आणि आपल्या घरांच्या स्लॅबमध्ये जी खडी आहे, त्या दगडाचा हा इतिहास आहे. त्याचबरोबर, जमीन सरकते हे माणसाला कसे कळले, याचाही हा इतिहास आहे. त्या शोधातले दोन मोठे पुरावे आपल्या अगदी जवळ सापडले. एक आपल्या डोंगरांत आणि दुसरा आपल्या अरबी समुद्राच्या तळाशी.

वर्गातल्या नकाशात अरबी समुद्र म्हणजे निळा रंग. किनाऱ्याजवळ फिकट, पुढे गडद. समुद्रबूड जमीन, खंडान्त उतार, सागरी मैदान, सागरी गर्ता हे शब्द आपण आकृतीसकट पाठ केले होते. आकृतीला पाच गुण असत. पण ती आकृती कोणत्या समुद्राची, आणि तो उतार आपल्या घरापासून किती लांब, हे कधी परीक्षेत आले नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करू, पण आधी जमिनीवरून.

जिन्याच्या पायऱ्या आणि कललेले थर

ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे १ मे १८५४ रोजी सुरू झाली. त्यासाठी पारसिकच्या डोंगराला बोगदे पाडावे लागले. पुढे १९१६ मध्ये सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा मोठा पारसिक बोगदा झाला आणि आपल्या काळातल्या फास्ट गाड्या त्यातून जात. स्लो गाडीने मुंबईकडे निघालो की मुंब्र्याला डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला खाडी, हे दृश्य आपण हजारदा पाहिले आहे.

रेल्वेने डोंगर कापले तेव्हा दगडाचे थर उघडे पडले. त्याच सुमारास, १८५१ मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली होती. तिच्यातले विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६७ मध्ये पश्चिम आणि मध्य भारतातल्या या काळ्या दगडावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दगड लाव्हाचा आहे हे त्याआधीच माहीत होते. कर्नल साइक्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी १८३०च्या दशकातच त्याला ‘ट्रॅप’ म्हटले होते. हा शब्द जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. माळशेज किंवा बोरघाटातून वर पाहिले की हे नाव का पडले ते कळते. थरावर थर, आडवे, सपाट, पायऱ्यांसारखे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा दगड आहे.

पण घाट उतरून आपल्या बाजूला आले की एक विचित्र गोष्ट दिसते. सह्याद्रीवर जवळजवळ आडवे असलेले हे थर कल्याण-पनवेलच्या पट्ट्यात वाकून पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे, कलतात. मुंबई बेटावरही ते दहा-पंधरा अंशांनी पश्चिमेकडे झुकलेले आहेत. जाड पुस्तक टेबलाच्या कडेवर ठेवून त्याची बाहेर आलेली बाजू खाली लवावी, तसे. भूशास्त्रात या वाकलेल्या पट्ट्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. वसईच्या बाजूपासून दक्षिणेला रायगड जिल्ह्यापर्यंत तो जातो. त्याच पट्ट्यात लाव्हाथरांना छेदून उभ्या भिंतींसारखे दगड घुसलेले दिसतात. त्यांना डाइक म्हणतात. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्या भेगाच या भिंतींत थिजून राहिल्या. कल्याण, मुरबाड, शहापूर भागात अशा डाइकांची दाटी आहे. १९४९ मध्ये जॉन ऑडेन या भूशास्त्रज्ञाने पश्चिम भारतातल्या डाइकांवर निबंध लिहून ही सगळी माहिती एकत्र मांडली. प्रसिद्ध इंग्रज कवी ऑडेन हे त्यांचे धाकटे भाऊ.

माहिती एकत्र आली, पण कारण कळेना. थर समुद्राकडे वाकले, मग पुढे काय झाले? पुस्तकाची बाहेर आलेली पाने गेली कुठे?

बुडालेला पूल की सरकलेला खंड

एकोणिसाव्या शतकाचे उत्तर होते, ‘समुद्रात बुडाली.’ भारत, आफ्रिका आणि मादागास्कर इथले जीवाश्म आणि वनस्पती सारख्या आहेत हे लक्षात आले होते. त्यावरून या प्रदेशांना जोडणारी जमीन पूर्वी असावी आणि ती नंतर खाली गेली, असा तर्क होता. ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडवर्ड सुएस यांनी या प्राचीन खंडाला ‘गोंडवनलँड’ नाव दिले. गोंडांच्या मुलखातल्या खडकांवरून आलेले हे नाव आज जगभर वापरले जाते.

६ जानेवारी १९१२ रोजी जर्मनीत फ्रँकफर्ट येथे आल्फ्रेड वेगेनर यांनी दुसरे उत्तर मांडले. जमीन बुडाली नाही, खंडच एकमेकांपासून दूर सरकले. १९१५ मध्ये त्यांचे पुस्तक आले. वेगेनर हवामानशास्त्रज्ञ होते. भूशास्त्रज्ञांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, ‘एवढा खंड सरकवणारी शक्ती कोणती?’ त्यांच्याकडे पटण्यासारखे उत्तर नव्हते. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांचा सिद्धांत बहुतेकांनी बाजूला ठेवला. उत्तर जमिनीवर नव्हते, समुद्राखाली होते. आणि समुद्राचा तळ तोवर कोणी नीट पाहिलाच नव्हता.

पूर्वी खोली मोजायची म्हणजे दोराला शिसे बांधून खाली सोडायचे. मैलभर खोल पाण्यात एका मोजणीला तास जात. पहिल्या महायुद्धानंतर ध्वनीचा प्रतिध्वनी मोजून खोली काढण्याची रीत आली आणि चालत्या बोटीवरून तळाची रेघ काढता येऊ लागली. १९२८ ते १९३० या काळात ‘डाना’ या डॅनिश बोटीची मोहीम जगभर फिरली. अरबी समुद्राच्या मध्यावर पाण्याखाली एक प्रचंड पर्वतरांग आहे हे तिला दिसले. मोहिमेला पैसा कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रतिष्ठानाने दिला होता, म्हणून रांगेला ‘कार्ल्सबर्ग रिज’ नाव पडले. आपल्या समुद्रातल्या सर्वात मोठ्या डोंगराचे नाव असे आले.

१९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ या इजिप्शियन बोटीवरून जॉन मरे मोहीम निघाली. तिचे प्रमुख सेमूर स्युएल हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक होते. या मोहिमेच्या मोजणीत दिसले की या पर्वतरांगेच्या माथ्यावर लांबच लांब खोल घळ आहे. १९३७ मध्ये वाइझमन आणि स्युएल यांनी अरबी समुद्राच्या तळावर निबंध लिहिला आणि या घळीची तुलना पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीशी केली. डोंगराच्या शिखरावर दरी कशी? ती जमीन फाटत असल्याची खूण होती. पण तेव्हा तसे म्हणायला फारसे कोणी तयार नव्हते.

दगडाची स्मरणशक्ती

आता पुन्हा किनाऱ्यावर यावे लागते, कारण पुढचा दुवा चुंबकत्वाचा आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा विजेच्या तारांमुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवले. तिथल्या इमारतीत लोखंड तर वापरले नाहीच, पण आपला काळा दगडसुद्धा टाळला. त्याऐवजी पोरबंदरचा दगड आणला. कारण आपल्या काळ्या दगडात लोहाची खनिजे असतात आणि तो स्वतःच थोडासा चुंबक असतो.

हाच त्याचा मोठा गुण. लाव्हा थंड होताना त्यातले लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत स्थिर होतात आणि नंतर कोट्यवधी वर्षे तसेच राहतात. विषुववृत्तावर चुंबकसूची आडवी असते. ध्रुवाकडे जावे तशी ती जास्त तिरपी होत जाते. म्हणून दगडातल्या ‘सूची’चा तिरपेपणा मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळते. एखाद्या माणसाच्या बोलण्यावरून तो मूळचा कुठला ते ओळखावे, तसे.

१९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये ब्लॅकेट यांच्या गटाने अत्यंत सूक्ष्म चुंबकत्व मोजणारे यंत्र बनवले. त्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडाचे नमुने मोजले आणि १९५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. हा दगड आजच्या जागी थिजलेला नाही. तो विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला थिजला आहे. पाठोपाठ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम सुरू झाले. डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खनच्या दगडाच्या चुंबकत्वावरचा निबंध १९५९ मध्ये आला. एक मराठी संशोधक या कामात अगदी सुरुवातीपासून होते, ही गोष्ट आपल्या शाळकरी पुस्तकांत यायला हवी होती.

पुढच्या मोजण्यांतून चित्र पक्के झाले. आपला दगड जवळजवळ ३० अंश दक्षिण अक्षांशावर जन्मला. आज आपण १९ अंश उत्तरेवर आहोत. म्हणजे मलंगगडाचा कातळ पाच हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून इथे आला आहे. आणखी एक गोष्ट दिसली. सह्याद्रीच्या खालच्या भागातल्या अनेक थरांची चुंबकीय दिशा उलटी होती आणि त्यावरच्या थरांची सुलटी. पृथ्वीचे उत्तर-दक्षिण चुंबकीय ध्रुव मधूनमधून अदलाबदल करतात, याची ती खूण होती.

अरबी समुद्रातली पट्ट्यांची सही

हीच अदलाबदल समुद्राच्या तळाचे कोडे सोडवायला कामी आली. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती. अनेक देशांच्या बोटी तिच्यात होत्या. भारताच्या नौदलाची ‘किस्तना’ही होती. या मोहिमेचे एक फळ म्हणजे १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था.

१९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश बोटीवरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी कार्ल्सबर्ग रिजच्या माथ्याच्या एका तुकड्याची बारकाईने चुंबकीय मोजणी केली. केंब्रिजमध्ये त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन याने ती माहिती संगणकावर तपासली. तळावरचा एक पाण्याखालचा डोंगर उलट्या चुंबकत्वाचा निघाला. व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी ७ सप्टेंबर १९६३ च्या ‘नेचर’मध्ये अर्थ सांगितला. रिजच्या घळीतून लाव्हा वर येतो, थिजतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. थिजताना पृथ्वीचे चुंबकत्व सुलटे असेल तर सुलटा पट्टा, उलटे असेल तर उलटा पट्टा. म्हणून समुद्राच्या तळावर झेब्र्यासारखे पट्टे उमटतात. समुद्राचा तळ जुना नाही, तो सतत तयार होत असतो. कॅनडातले लॉरेन्स मॉर्ली यांनाही स्वतंत्रपणे हेच सुचले होते.

वेगेनरना जे उत्तर देता आले नव्हते ते असे मिळाले. खंड समुद्राचा तळ फोडत पुढे जात नाहीत. खंड आणि समुद्रतळ मिळून एक मोठा पट्ट होतो आणि तो सगळा पट्ट सरकतो. १९६७-६८ मध्ये मॉर्गन, मॅकेन्झी, पार्कर आणि ल पिशाँ यांनी या पट्टांचे गणित मांडले. त्यालाच आपण भूपट्ट सिद्धांत म्हणतो. ऑक्टोबर १९६७ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने हिंदी महासागराच्या तळाचा रंगीत नकाशा छापला. मारी थार्प आणि ब्रूस हीझन यांच्या कामावरून काढलेल्या त्या नकाशात कार्ल्सबर्ग रिज आणि तिची घळ स्पष्ट दिसते. नुसता निळा असलेला समुद्र प्रथमच डोंगरदऱ्यांसह लोकांसमोर आला.

किनाऱ्यापासून पश्चिमेकडे

आता आपल्या जुन्या आकृतीत खरी नावे भरू. किनाऱ्यावरून पश्चिमेकडे निघालो तर पहिली लागते समुद्रबूड जमीन. मुंबईसमोर ती फार रुंद आहे, सुमारे ३०० किलोमीटर. तिच्यावरच, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हायचे तेल शोधले. पुढे खंडान्त उतार. उताराच्या खाली लक्ष्मी खोरे, साडेतीन हजार मीटरहून खोल. त्यात तीन पाण्याखालचे ज्वालामुखी डोंगर रांगेने उभे आहेत. त्यांची नावे रामन, पणिक्कर आणि वाडिया. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन, समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक एन. के. पणिक्कर आणि भूशास्त्रज्ञ दा. नौ. वाडिया यांची ही नावे आहेत. वाडियाचा माथा सपाट आहे. त्याच्या पश्चिमेला लक्ष्मी रिज, जी समुद्रात असली तरी खंडाचा तुटलेला तुकडा मानली जाते. त्यापुढे खरा महासागरी तळ आणि दूर नैर्ऋत्येला कार्ल्सबर्ग रिज, जिथे आजही वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर नवा तळ तयार होतो.

आणि पुस्तकाची हरवलेली पाने? त्यांतला एक मोठा तुकडा सेशेल्स बेटांवर आहे. समुद्राच्या मधोमध असूनही तिथे सुमारे ७५ कोटी वर्षांचा ग्रॅनाइट आहे, म्हणजे ती खंडाची जमीन आहे. तिथल्या काही बेटांवर सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचे ज्वालामुखी खडकही आहेत. आपल्या लाव्हाचा जोर ओसरत होता त्याच सुमारास सेशेल्स आपल्यापासून तुटले आणि मधे अरबी समुद्र उघडत गेला. तुटलेल्या खंडाची आपल्याकडची कड समुद्राकडे वाकली. कल्याण-पनवेलचा वाकलेला पट्टा ही त्या घटनेची खूण आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जिथून लाव्हा आला ती पृथ्वीच्या पोटातली ऊष्ण जागा आज रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजूनही वारंवार जागा होतो. भारत तिच्यावरून पुढे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची रांग सोडत गेला.

२०१५ मध्ये ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ ही खोदकामाची बोट कोलंबोहून निघून लक्ष्मी खोऱ्यात गेली. भारताचे धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट हे तिच्यावरचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. दोन ठिकाणी तळाखाली ११०० मीटरपर्यंत छिद्रे घेतली. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्याच्या उतारावरून प्रचंड दरड समुद्रात कोसळली होती, तिचा गाळ या छिद्रांत सापडला. मोहीम संपवून बोट मुंबई बंदरात आली. ही घटना आपल्या दारात झाली आणि वर्तमानपत्रांत तिच्याबद्दल फारच थोडे छापून आले.

अचल म्हणून शिकवलेली जमीन

दख्खनचे पठार प्राचीन, भक्कम आणि अचल, असे आपण ऐकत आलो. हिंदी महासागराचा तो रंगीत नकाशा छापून दोन महिने होतात तोच, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. आपल्यापैकी अनेकांचा जन्म त्याच वर्षाच्या आसपासचा आहे. आपण दहावीची परीक्षा दिली ते १९८३ साल. त्याच वर्षी आपल्या ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाच्या परिसरात, खर्डीच्या बाजूला, जमीन हादरू लागली. सप्टेंबरमधला सर्वात मोठा धक्का साडेचारहून अधिक तीव्रतेचा होता. धरणात पाणी भरल्यावर जुन्या भेगा हलू शकतात, हे कोयनेनंतर भातशानेही दाखवले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झाली. किल्लारीचा भाग तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो पहिला विभागच रद्द झाला आणि मुंबई-ठाणे तिसऱ्या विभागात होते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि तिथल्या लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या.

समुद्राकडूनही इशारा आलेला आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ, जिथे अरबी पट्ट युरेशियाच्या पट्टाखाली घुसतो, तिथे मोठा भूकंप झाला. सकाळी मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटरच्या लाटा आल्या आणि माणसे वाहून गेली. मुंबईला त्सुनामी येत नाही असे कोणी म्हणाले तर हे साल सांगावे.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. आपल्यात इंजिनियर आहेत, बिल्डर आहेत, सोसायट्यांचे सेक्रेटरी आहेत. भूकंपाचा विचार करून बांधकाम करणे हा कागदावरचा नियम नाही, तो या जमिनीच्या इतिहासातून आला आहे, एवढेच सांगायचे आहे.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथल्या गरम पाण्याच्या कुंडांत आपण सहलीला आंघोळ केली. तशी कुंडे सह्याद्रीच्या पायथ्याने राजापूरपर्यंत ओळीने आहेत. खाली ज्वालामुखी धगधगतो असे तेव्हा कोणीतरी सांगितले होते. तसे नाही. पावसाचे पाणी खोल भेगांतून खाली जाते, तापते आणि त्याच भेगांतून वर येते. कुंडांची ती ओळ म्हणजे खंडाच्या तुटलेल्या कडेवर उमटलेली भेगांची रेषा आहे.

आपण काय करू शकतो

या सगळ्या पुराव्यातला आपल्या वाट्याचा भाग झपाट्याने खडी होऊन चालला आहे. मुंब्रा, शीळ, कल्याणच्या बाजूच्या खाणींत डोंगर कापले जातात, त्यात कललेले थर आणि डाइकही जातात. अंधेरीची गिल्बर्ट हिल वारसा यादीत आहे म्हणून वाचली. आपल्या बाजूला तशी नोंद झालेली जागा मला माहीत नाही. घरे हवीत आणि खडीही हवी, हे मान्य. डोंबिवलीत राहणाऱ्या कोणालाच त्या खडीबद्दल तक्रार करण्याचा सहज अधिकार नाही. पण एखादे चांगले उघडे पडलेले थरांचे तोंड, एखादी डाइकची भिंत सोडून द्यावी, तिथे पाटी लावावी, इतके मागता येईल.

आणि शाळेसाठी एक सूचना. स्नेहसंमेलनाच्या निधीतून दरवर्षी आपण काहीतरी देतो. या वर्षी भूगोलाच्या खोलीत एक काचेचे कपाट द्यावे. त्यात पारसिकच्या थराचा तुकडा, डाइकचा तुकडा, पोकळीत स्फटिक वाढलेला सह्याद्रीचा दगड ठेवावा. हे दगड खाणीत फुकट मिळतात. शेजारी अरबी समुद्राच्या तळाचा मोठा नकाशा लावावा, ज्यात रामन, पणिक्कर, वाडिया, लक्ष्मी रिज, कार्ल्सबर्ग रिज ही नावे मराठीत असतील. आणि सहावी-सातवीच्या मुलांना वर्षातून एकदा मुंब्रा ते कर्जत असे थर दाखवत न्यावे. गाडीचे तिकीट फार नाही. बरोबर जायला आपल्यातले दोघे-तिघे निवृत्त झालेले मिळतील. मी नाव देतो.

भारताचा पट्ट अजूनही ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो. आपण १९८३ मध्ये शाळा सोडली. तेव्हापासून शाळेची इमारत, मैदान, घंटा, कट्टा, स्टेशन आणि आपण सारे दोन मीटरहून अधिक पुढे आलो आहोत. कोणीही मागे राहिलेले नाही.